पेडणे-डिचोलीत, आमच्या नावाने

गोव्याहून परतल्यावर ज्याने त्याने मला पहिला प्रश्न विचारला तो समुद्राचा. किती वेळा डुंबलात, काजू काय भावाने आणले, फेणी आणलीत का, आणली असेल तर कुठे ठेवलीत. मी खरं ते सांगितलं. समुद्र मी पाहिलाच नाही. पणजीत एका सरकारी कचेरीच्या खिडकीतून पाणी दिसलं, पण ती मांडवी नदी होती. हे ऐकून शेजारच्या वहिनींनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की जणू मी पंचपक्वान्नांच्या पंगतीत बसून नुसतं ताक पिऊन उठले. तरीही माझा दावा आहे की मी पाहिला तो गोवा फार थोड्यांनी पाहिला असेल. मी तो विहिरींत वाकून वाकून पाहिला.

मी भूगर्भातल्या पाण्याचं काम करते. माझे भागीदार शिंदे स्थापत्य अभियंते आहेत. कोल्हापुरात उद्यमनगरात एका लेथच्या कारखान्यावर आमची एक खोली आहे, आणि खालचं यंत्र सुरू झालं की वरची चहाची कपबशी आपोआप टेबलाच्या कडेला सरकते. एवढाच आमचा पसारा. पण काम आम्ही चोख करतो आणि हे सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही.

गोवा घटक राज्य होऊन अजून वर्षही झालं नव्हतं. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतल्या गावांना नळाचं पाणी द्यायची योजना निघाली, आणि तिला एका परदेशी बँकेचं कर्ज मिळालं. अशा योजनांचा एक रिवाज आहे, तो आपल्याकडच्या तरुण इंजिनियरांनी माहीत करून घ्यावा. पैसा परका असला की नियमही परक्यांचे. कामाआधी सल्लागार नेमावा लागतो आणि त्यासाठी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. जो येईल त्याने दोन पाकिटं द्यायची, एकात काम कसं करणार ते आणि दुसऱ्यात दर. पहिल्या पाकिटाची पारख होईपर्यंत दुसरं कोणी फोडायचं नाही. पुढे पंप, पाइप, मीटर यांची खरेदीही अशीच उघड्यावर होते. मग त्यात आपल्या उद्यमनगराच्या फाउंड्रीने का उतरू नये? दार सगळ्यांना उघडं असतं. आपल्याला वाटतं की ते आपलं नव्हेच, म्हणून आपण उंबरठ्यावरूनच परत फिरतो.

आम्हीही इतकी वर्षं तेच करत होतो. दिल्लीच्या एका मोठ्या कंपनीचे खन्नासाहेब अशी कामं घेत, आणि मोजमाप, नकाशे, पाण्याचे नमुने, अहवाल हे सगळं आमच्याकडून करून घेत. अहवाल छापून आला की त्यावर नाव त्यांचं. आम्ही आत कुठेतरी ‘स्थानिक सहकारी’. या वेळी मात्र मी जाहिरात पाहिली आणि शिंद्यांपुढे ठेवली. आपल्या नावाने अर्ज करायचा, मी म्हटलं.

शिंदे लगेच हो म्हणाले नाहीत. त्यांना मुरगावच्या गोदीत खनिज चढवायच्या धक्क्यावर नोकरी चालून आली होती. घरी दोन मुली, आणि आमच्या खोलीत यंत्राच्या आवाजाखेरीज कसलीच शाश्वती नाही. हे काम मिळालं तर फर्म राहील. नाही मिळालं तर शिंदे मुरगावला जातील आणि मी एकटी त्या खोलीला कुलूप लावीन, असं आमचं बोलून ठरलं. अशी गाठ मारून, प्रस्ताव लिहिण्याआधी गावं आणि विहिरी स्वतः पाहायला आम्ही आंबोलीचा घाट उतरलो.

पेडणे

तेरेखोलच्या खाडीपासून आत असलेल्या एका गावात आमचा मुक्काम होता. चैत्राचं ऊन, अंगाला चिकटणारी हवा, आणि काजूच्या बोंडांचा वास सगळीकडे इतका की पहिल्या दिवशी भूकच लागेना. सकाळी पाववाला पोदेर सायकलचा भोंगा वाजवत येई. आपल्याकडे सकाळी दूधवाल्याची वाट पाहतात, इथे पोदेराची. गरम उंडो, म्हणजे गोल पाव, आणि वाटाण्याची पातळ भाजी हा नाश्ता मला इतका मानवला की शिंदे म्हणाले, ताई, तुमचा मुक्काम वाढणार असं दिसतंय. स्वतः शिंदे मात्र दोन दिवस भाकरीच्या आठवणीने उसासे टाकत होते.

विहिरीला तिथे बांय म्हणतात. गावच्या मोठ्या बांयपासून मोजणी सुरू करायची होती. आता आमचे शिंदे म्हणजे नारळ न वाढवता साधा खड्डासुद्धा खणणार नाहीत. त्यांनी सगळ्यांसमोर नमस्कार केला आणि बांयच्या कठड्यावर खाडकन नारळ फोडला. मी कोल्हापूरहून आणलेले पेढे वाटले. खोबरं वाटलं. गावकऱ्यांनी ते घेतलं, पण खाल्लं नाही. मला वाटलं, लाजतायत.

दुसऱ्या दिवशी बांयवर कोणी आलं नाही. पोहरा काढायला दोर द्यायचं कबूल केलेले गृहस्थ घरी नव्हते. वाटाड्या म्हणून यायचा होता त्याचा पाय मुरगळला होता, आणि तोच पाय घेऊन तो आमच्यासमोरून झपाझप बाजाराला गेला. कोणी वाईट बोललं नाही. ज्या घरी जावं तिथे कदेल, म्हणजे खुर्ची, पुढे करून बसवत, चहा देत, उकाड्याबद्दल बोलत; पाण्याचा विषय काढला की घरातल्या माणसांना आत काहीतरी काम आठवे. मी चिडले. आम्ही यांच्या घरी पाणी आणायला आलोय आणि यांचे नखरे बघा, असं मी शिंद्यांना दोन-तीनदा ऐकवलं.

शेवटी आम्ही आत्मारामबाब यांच्याकडे गेलो. हे गावचे पहिले मानकरी, म्हणजे देवळातला आणि गावाच्या कामातला पहिला मान त्यांच्या घराण्याचा. उंच, उघड्या अंगाचे, खांद्यावर पंचा. मी सरळच विचारलं की आमचं चुकलं काय.

“नारळ फोडलात ता वायट नाय,” ते म्हणाले. “पण सांगलात कोणाक? कोणाच्या घरात जावचा तर दारातसून जावचा. तुमी जनेलातसून इलात.”

जनेल म्हणजे खिडकी. मग त्यांनी समजावलं. आमच्याकडे नारळ फोडतात तो शुभ म्हणून, कोणीही फोडावा. त्यांच्याकडे नारळ ठेवतात तो सांगणं करायला. गावाच्या पाण्याला, बांधाला, वाटेला हात लावायचा असेल तर आधी राखणदाराला, म्हणजे वेशीवरच्या त्या ठिकाणच्या देवाला, गाऱ्हाणं घालायचं: कोण आलंय, कुठून आलंय, कशासाठी आलंय. ते घालायचा मान ठरलेल्या माणसाचा आणि ऐकायला सगळे वाडे हजर पाहिजेत. न सांगता फोडलेल्या नारळाचं खोबरं गावात कोणी तोंडात घालत नाही.

दिल्लीच्या साहेबाने ही चूक कधीच केली नसती. त्याने नारळच फोडला नसता. ती करायला आमच्यासारखी सव्वाशे मैलांच्या आतली, देवाधर्माची माणसंच पाहिजेत. सगळे वाडे गोळा व्हायला वेळ लागणार होता. तोवर तुम्ही डिचोलीकडचं बघून या, असं आत्मारामबाबांनी सुचवलं, आणि आम्ही निमूटपणे गेलो.

डिचोली आणि लाटंबार्से

डिचोलीत शिंद्यांना भाकरी भेटली. खाणींवर कामाला आलेले कोल्हापूर-बेळगावकडचे पुष्कळ लोक तिथे आहेत, आणि त्यांच्यासाठी आजऱ्याच्या एका आक्कांनी खाणावळ काढली आहे. एका ताटात ज्वारीची भाकरी आणि शेजारी बांगड्याचं हुमण असं लग्न मी तिथेच लागलेलं पाहिलं. आक्का म्हणाल्या, पहिल्या वर्षी मासळीचा वास आला की पदर नाकाला लावत होते, आता मासळी नसली की जेवण गळ्याखाली उतरत नाही. शिंद्यांनी किती भाकऱ्या खाल्ल्या ते मी मोजलं नाही. मोजणं हा आमचा धंदा असला तरी काही मर्यादा पाळाव्या.

रस्त्यावरून खनिजाचे ट्रक सतत जात होते आणि झाडं, कौलं, कुत्री सगळी लाल झाली होती. एका दुकानासमोर रंगारी शिडीवर चढून पाटीवरचे दमण आणि दीव पुसत होता. आता नुसतं ‘गोवा’. खाली उभे असलेले लोक ते इतक्या कौतुकाने पाहत होते की मीही थांबले. चहाच्या दुकानात भाषेचा वाद तापला होता, कोकणी की मराठी. मला विचारलं, बाय, तू खंयच्या बाजूची? मी म्हटलं, पाण्याच्या. ते हसले आणि मी सुटले. खरं म्हणजे त्या मुलखाचा मला हेवा वाटला. घरात भांडण कोकणीत, देवापुढे आरती मराठीत, आणि पेपर वाचताना दोन्हींत शिव्या. एका घरात दोन भाषा अशा सुखाने नांदताना मी दुसरीकडे पाहिलेल्या नाहीत, वाद काहीही असो.

डिचोली तालुक्यातल्याच लाटंबार्से गावी पोचलो तेव्हा डोंगरउतारावर काजू गोळा करायचं काम जोरात होतं. बोंडांचा ताजा रस, निरो, आम्हाला पेला भरून मिळाला. थंड, गोड, घशाला किंचित खवखवणारा. याच रसाचं पुढे काय करतात याची चौकशी शिंद्यांनी फार बारकाईने केली. खाली भातशेती, आणि ओहोळावर गावाने घातलेला बांध. पावसाळा सरला की दगड, माती आणि पाला घालून सगळे मिळून तो उभारतात आणि पुढच्या पावसाआधी सोडून देतात. त्या अडवलेल्या पाण्यावर उन्हाळी भात होतो आणि आसपासच्या बांयी जिवंत राहतात. खाणीचा खड्डा जवळ आला तशा वरच्या वाड्यातल्या बांयी आटल्या, पण बांधाजवळच्या अजून टिकून आहेत, असं लोक सांगत होते.

मी सहज विचारलं की बांध फुटला तर दुरुस्ती कोण करतं. सरकारी माणूस येतो का? एका शेतकऱ्याने बांधाकडे बोट दाखवून कुठला तुकडा कुठल्या वाड्याचा ते सांगितलं. आणि हाकाटी करून सगळ्यांना बाहेर काढायचं काम नारळाचा मान ज्याचा त्याचं. रात्री-अपरात्री फुटला तरी पहिला तो उतरणार. तो घरात बसला तर पुढच्या खेपेस नारळाला हात लावायला त्याला तोंड राहत नाही.

तिथे मला उमजलं की पेडण्यात आम्ही नेमकं काय केलं होतं. मान म्हणजे मिरवणं नव्हे, जोखीम होती. शिंद्यांनी नारळ फोडला म्हणजे पुढे ती बांय ढासळली तर कोल्हापूरहून येऊन मी उपसतो, असं गावासमोर कबूल केलं होतं. गावाने मनात म्हटलं असणार, बघू या.

जाहिरातीबरोबर मिळालेल्या कागदांत एक अट होती, की योजना पूर्ण झाल्यावर ती सांभाळायला गावोगाव पाणी समिती स्थापन करावी. खन्नासाहेबांच्या अहवालांत आम्ही हे वाक्य कितीदा तरी लिहिलं होतं, आणि त्या समित्या पहिला पंप जळाला की विरून गेलेल्या मी पाहिल्या होत्या. लाटंबार्शाच्या बांधावर बसून मी शिंद्यांना म्हटलं, इथे समिती आधीच आहे, आपण तिला नमस्कार केला नाही एवढंच. त्या दुपारी आमच्या प्रस्तावाचं अर्धं अंग पालटलं.

पुन्हा पेडणे

ठरलेल्या दिवशी सकाळी राखणदारापाशी सगळे वाडे जमले. पुरुष पुढे, बायका बाजूच्या आंब्याखाली. आत्मारामबाबांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा राखणदारा म्हाराजा, ही कोल्हापूरची माणसां तुझ्या बांयचा पाणी बघूक इली हत. तुका सांगल्याबगर नारळ फोडलो, ती चुकीमाकी पोटात घाल, आनी तेंच्या हातसून जा काय होवचा ता बरा होवंदे, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळा गाव म्हणाला. शिंदेही म्हणाले.

इथवर सगळं छान. पण मला गप्प बसवेना. पुढे नळाचं पाणी सांभाळणाऱ्यांची नावं ठरायला लागली तेव्हा ती सगळी गावकार, म्हणजे मानाच्या घराण्यांतल्या, पुरुषांची. मी म्हटलं, आत्मारामबाब, दोर ओढून हात सोलतात ते आंब्याखाली उभे आहेत, त्यांचं काय? आणि पलीकडच्या वाड्यातले लोक वेगळ्या डबक्यावरून भरतात, त्यांचं काय? एकाने सांगितलं की असं पूर्वी कधी झालेलं नाही. मी म्हटलं, नळ तरी पूर्वी कुठे होता? आत्मारामबाबांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. मला वाटलं, दुसरा नारळही फुकट घालवला मी.

“मान आमचो, ता खरा,” ते म्हणाले. “पण पाणी भरतत बायलो. बसवया तेंका. आनी पलीकडच्या वाड्याचो एक.”

काही चेहरे वाकडे झाले, ते मी लपवत नाही. पण नावं ठरली, आणि त्यात दोन बायका होत्या. मग दोर आला, मुरगळलेला पाय आपोआप बरा झाला, आणि दुपारपर्यंत आमच्या मागे इतके लोक फिरत होते की मोजपट्टी धरायला भांडणं लागली. खोबरं त्या दिवशी सगळ्यांनी खाल्लं.

पणजी

प्रस्ताव दिल्यावर सल्लागार निवडणाऱ्या समितीसमोर जाऊन तो समजावून सांगायचा होता. कचेरीजवळच्या एका हॉटेलात खन्नासाहेब भेटले. माणूस अतिशय सभ्य. आमच्यासाठी चहा मागवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले की वेगळं येऊन तुम्ही उगाच धोका पत्करताय; अजून वेळ आहे, आमच्या प्रस्तावात सामील व्हा, फील्डवर्क सगळं तुमचं, पूर्वीसारखं. काम नक्की मिळेल.

मी शिंद्यांकडे पाहिलं. माझं ठीक होतं, पण मुली त्यांच्या होत्या. मुरगावला होकार-नकार कळवायची मुदतही त्याच आठवड्यात संपत होती. ते हो म्हणाले असते तर मी त्यांना एका शब्दाने बोलले नसते. शिंद्यांनी चहा संपवला, बशी नीट ठेवली.

“ताई, नाव आपलंच जाऊ दे. पडलो तर आपल्या नावानं पडू.”

तो माणूस माझा भागीदार आहे याचा मला त्या क्षणी जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या पदवीचाही कधी वाटला नव्हता.

समितीत सरकारी अधिकारी होते आणि बँकेकडून आलेली एक डच बाई होती. आकृत्या, आकडे सगळं झाल्यावर तिने विचारलं की तुम्ही निघून गेल्यावर ही योजना चालेल कशावरून. मी तिला नारळाची गोष्ट सांगितली. पहिल्या नारळापासून, पेढ्यांसकट. अधिकारी आधी चपापले. त्यातले एक पेडण्याचेच निघाले. ते रुमाल तोंडाला लावून हसायला लागले आणि मग अख्खी समिती हसली. डच बाईने विचारलं, स्वतःची चूक तुम्ही इथे का सांगता? मी म्हटलं, या चुकीमुळेच आम्हाला कळलं की या पाण्याला मालक आहे. प्रत्येक गावात तो कोण आहे हे शोधून मगच आम्ही कामाला हात लावू, आणि त्या मालकाशेजारी पाणी भरणारी बाई बसवू. पेडण्यात ती बसली आहे.

मग समितीने आमच्या उण्या बाजूवर बोट ठेवलं. पंप आणि शुद्धीकरणाच्या यंत्रांची एवढी मोठी खरेदी तुम्ही कधी हाताळली आहे का? नाही, मी म्हटलं. खोटं बोलून काय उपयोग होता? आम्ही बाहेर येऊन बाकावर बसलो. समोर मांडवीतून खनिजाचे पडाव मुरगावकडे चालले होते आणि शिंदे त्यांच्याकडे पाहत होते.

दुपार कलल्यावर आम्हाला पुन्हा आत बोलावलं. खन्नासाहेबही तिथे होते. अध्यक्षांनी वाचून दाखवलं की कामाच्या मांडणीत कोल्हापूरची फर्म पहिली आली आहे. दरांचं दुसरं पाकीट नियमाप्रमाणे उघडून झाल्यावर ते काम तिला द्यायचं. मात्र यंत्रखरेदीसाठी तिने एखाद्या मोठ्या कंपनीला सहकारी म्हणून घ्यावं. दिल्लीची कंपनी राजी आहे का? खन्नासाहेब राजी होते. व्यवहारी माणूस, आणि यंत्रांतलं त्यांना खरोखर कळतं.

चार दिवसांत दुसरं पाकीटही आमच्या बाजूने उघडलं. शिंदे मुरगावला स्वतः जाऊन नकार देऊन आले. अशा गोष्टी तोंडाने सांगायच्या असतात, असं त्यांचं मत. मग करारासाठी पणजीत पुन्हा एकत्र बसलो. मुख्य सल्लागार वर, सहकारी खाली. खन्नासाहेबांनी पेन काढलं, कागद पुढे ओढला, आणि थांबले. वरच्या ओळीत काय लिहायचं, तुमच्या फर्मचं पूर्ण नाव काय, असं त्यांनी अगदी अदबीने विचारलं.

इतकी वर्षं आम्ही त्यांच्यासाठी विहिरी मोजल्या होत्या, आणि हे विचारायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. मी सावकाश सांगितलं: पाटगावकर आणि शिंदे, पाणी सल्लागार, उद्यमनगर, कोल्हापूर. त्यांनी ते लिहून घेतलं. तरी शिंद्यांनी ते आणखी एकदा सांगितलं, जरा मोठ्याने.